गोल बुडाचं जहाज

जहाज बर्फात अडकू नये म्हणून दर्यावर्दी शेकडो वर्षं जिवाचं रान करत आले. १८९२ साली नॉर्वेतल्या लार्विक गावात मात्र एक जहाज बांधलं जात होतं ते अडकण्यासाठीच. बांधणारा कॉलिन आर्चर, बांधून घेणारा एकतीस वर्षांचा प्राणिशास्त्रज्ञ फ्रित्यॉफ नान्सेन. लांबी सुमारे ३९ मीटर, रुंदी ११; म्हणजे चांगलंच ढेरपोटं. बूड गोल. कुशीचं लाकूड साठ-सत्तर सेंटिमीटर जाड, वरून ग्रीनहार्ट नावाच्या चिवट लाकडाचं आवरण. सुकाणू आणि पंखा दोन्ही हवे तेव्हा वर ओढून घेता येतील अशी सोय. बर्फाने दोन्ही अंगांनी आवळलं की मुठीत दाबलेल्या आंब्याच्या बाठीसारखं हे जहाज वर निसटावं, एवढीच सगळी युक्ती. नाव ठेवलं ‘फ्राम’, म्हणजे ‘पुढे’. मोकळ्या समुद्रात हे ध्यान इतकं लोळायचं की खुद्द नान्सेनलाही समुद्र लागायचा.

ध्रुवाकडे गेलेल्या माणसांची आपल्या मनातली प्रतिमा वेगळी असते. दाढीवर गोठलेला श्वास, वादळात लोटून दिलेलं शरीर, निसर्गाशी झुंज. नान्सेन त्या चौकटीत बसत नाही. तो झुंजला कमी, हिशेब जास्त केला. माझं म्हणणं असं की या माणसाने पुढे आयुष्यभर हेच एक गोल बुडाचं जहाज वेगवेगळ्या जागी बांधलं. त्यातलं एक लाखो लोकांना तारून गेलं आणि एकाने लाखो लोकांना भलत्याच किनाऱ्यावर नेऊन सोडलं. त्याचं मोठेपण मोजायचं तर ही दोन्ही जहाजं एकाच कारखान्यातली आहेत हे आधी कबूल करावं लागतं.

सुरुवात १८८८ च्या ग्रीनलंडपासून करावी लागेल. नान्सेन तेव्हा बर्गनच्या संग्रहालयात होता. मज्जापेशी एकमेकींत जाळ्यासारख्या मिसळलेल्या नसून सुट्या असतात, असं सुचवणाऱ्या पहिल्या काही संशोधकांपैकी तो एक. डॉक्टरेटचा प्रबंध मांडला आणि जेमतेम आठवड्याभरात ग्रीनलंडच्या मोहिमेवर निघाला. त्याआधी ज्यांनी ते हिमपठार ओलांडायचा प्रयत्न केला, ते बहुतेक वस्तीच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघाले होते. अडलं तर माघारी यायला घर पाठीशी. आणि तसंच झालं, सगळे माघारी आले. नान्सेनने गणित उलटं मांडलं. जवळजवळ निर्मनुष्य अशा पूर्व किनाऱ्यावर उतरायचं. मग मागे काहीच नाही, जे काही जगणं आहे ते समोर, पश्चिमेला. सूर्याजी मालुसऱ्याने कोंढाण्यावर दोर कापले ते पळणाऱ्यांना थोपवायला. नान्सेनने ते निघण्याआधीच, कागदावर कापले. बरोबर पाच माणसं, त्यांतले दोघे सामी जमातीचे, बाल्टो आणि राव्ना. किनारा दोन-चार तासांवर आहे अशा समजुतीने ते जहाजातून होड्यांत उतरले, आणि बर्फाच्या लाद्यांत सापडून दहा-बारा दिवस दक्षिणेकडे वाहत गेले. कुठे जायचं ते बर्फाने ठरवलं. हा धडा नान्सेनच्या मनावर पक्का बसला असावा. पठार त्यांनी ओलांडलं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावरच्या गोथोबला पोचले, वर्षातलं शेवटचं जहाज निघून गेलेलं होतं. हिवाळाभर नान्सेन इन्युइट लोकांमध्ये राहिला, कयाक चालवायला शिकला, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं.

बर्फाबरोबर वाहण्याचा धागा खरा जुळला तो एका विजारीने. १८८१ मध्ये ‘जेनेट’ नावाचं अमेरिकन जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं होतं. तीन वर्षांनी त्याच्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडल्या. त्यांत एका खलाशाच्या नावाची मेणकापडी विजार होती. ध्रुवसमुद्राच्या या टोकाची विजार त्या टोकाला आली कशी? हेन्रिक मोन या प्राध्यापकाने म्हटलं, बर्फच ती घेऊन आलं; अख्खा ध्रुवसमुद्र पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असला पाहिजे. नान्सेनने त्याला पुढचा प्रश्न जोडला. विजार जाते तर जहाज का जाऊ नये?

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत त्याने बेत मांडला तेव्हा ध्रुवप्रदेशात मुरलेल्या जाणत्यांनी माना हलवल्या. अमेरिकेच्या ॲडॉल्फस ग्रीलीने तर हा आत्मघात आहे असं छापून सांगितलं. ग्रीलीची स्वतःची मोहीम २५ जणांची. त्यांतले सहा जण घरी पोचले होते. अनुभवाचा असा एक तोटा असतोच. ज्याला बर्फाने चिरडलं त्याला बर्फ हे चिरडणारंच दिसतं.

‘फ्राम’ जून १८९३ मध्ये निघालं आणि सप्टेंबरात ७९ अक्षांशाच्या जरा अलीकडे गोठलं. माणसं तेरा, शिधा पाच वर्षांचा, डेकवर एक पवनचक्की आणि तिच्यावर पेटणारे विजेचे दिवे. बर्फ करकचून आवळायचं, जहाज कुरकुरत वर उचललं जायचं, मग पुन्हा शांतता. युक्ती खरी ठरली, आणि मग तिचा सगळ्यात मोठा शत्रू समोर आला, तो म्हणजे कंटाळा. जहाज कधी उत्तरेला, कधी चक्क मागे. नान्सेन स्वभावाने अस्वस्थ, वरचढ, सहवासाला जड. प्रवाहावर विश्वास ठेवायला सांगणारा हा माणूस स्वतः मात्र प्रवाहाच्या वेगाने जगू शकत नव्हता. मार्च १८९५ मध्ये त्याने जहाज कप्तान स्वेरड्रुपच्या हवाली केलं आणि यालमार योहान्सेनला घेऊन ध्रुवाकडे चालू लागला. २८ कुत्री, तीन घसरगाड्या, दोन कयाक. परतताना ‘फ्राम’ सापडणं शक्य नव्हतं, ते तर सरकत राहणार. पुन्हा कापलेले दोर.

८ एप्रिलला ८६ अंश १४ मिनिटांवर ते थांबले. तोवर कुठलाही माणूस इतक्या उत्तरेला गेलेला नव्हता. ध्रुव अजून चारशे किलोमीटरवर होता आणि पायांखालचं बर्फ दक्षिणेकडे सरकत होतं, म्हणजे चालावं तितकं पुढे जाताच येत नव्हतं. नान्सेनने पाठ फिरवली. या प्रसंगाला चरित्रांमध्ये एखादा परिच्छेद मिळतो. मला तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. ज्याच्यासाठी दोन वर्षं घातली ते समोर असताना आकडे बघून मागे फिरणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

मागचा रस्ता सोपा नव्हता. दोघेही एकदा घड्याळांना किल्ली द्यायला विसरले, आणि घड्याळ गेलं म्हणजे रेखांश गेला. कुत्री एकेक करून मारून उरलेल्यांना घालावी लागली. शेवटी दोनच राहिली, एक नान्सेनचं, एक योहान्सेनचं. आपलं आपल्या हाताने मारवेना. तेव्हा नान्सेनने योहान्सेनचं नेलं, योहान्सेनने नान्सेनचं, आणि दोघांनी एकेक काडतूस खर्चलं. पुढे फ्रान्झ योझेफ भूमीवर दगड रचून, वॉलरसच्या कातड्यांचं छप्पर घालून त्यांनी एक खोपटं केलं. अस्वलाचं मांस, चरबीचा दिवा, आणि वाचायला नौकानयनाचं पंचांग. ते पंचांग त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण छापलेलं अक्षर दिसलं की जग अजून आहे असं वाटायचं. नाताळला योहान्सेनने अंगातला सदरा उलटा करून घातला, तोच सणाचा पोशाख. अंगाखाली एकच झोपण्याची पिशवी, आणि तरी दोघे एकमेकांना अहो-जाहो करत होते! वर्षाच्या शेवटच्या रात्री नान्सेनने सुचवलं, आता अरे-तुरे म्हणायला हरकत नसावी. जहाज सोडल्याला तेव्हा साडेनऊ महिने झाले होते.

जून १८९६ मध्ये कुत्र्याचं भुंकणं ऐकून नान्सेन पुढे गेला तर समोर फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज उभा. नंतर वजनं केली तेव्हा दोघांची वाढलेली निघाली. ध्रुवप्रवासाच्या सगळ्या कथांत मला ही नोंद फार आवडते. १३ ऑगस्टला ते नॉर्वेतल्या वार्दोला उतरले. नेमक्या त्याच दिवशी, कुणाला काही ठाऊक नसताना, ‘फ्राम’ बर्फातून मोकळं झालं. तेराच्या तेरा माणसं घरी आली.

लहानपणी मी जी ध्रुवाची गोष्ट ऐकली ती कॅप्टन स्कॉटची होती; तंबूत मरून पडलेल्या माणसांची, शेवटच्या पत्रांची. नान्सेनचं नाव त्यात नव्हतं. असायला हवं होतं. मार्च १९१० मध्ये नॉर्वेतल्या फेफोरला स्कॉट आपल्या मोटार-घसरगाड्यांची चाचणी घेत होता, आणि नान्सेन त्याला कुत्री न्या म्हणून सांगत होता. स्कॉटने थोडी नेली, पण शेवटच्या टप्प्यावर भार माणसांच्या खांद्यांवर ठेवला. नॉर्वेच्या अमुंडसेनने नान्सेनचंच ‘फ्राम’ नेलं, नान्सेनचीच पद्धत नेली, १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला आणि परत आला. त्याचं कौतुक झालं, पण डोळे पाणावले स्कॉटसाठी. चूक करून मेलेल्याला आपण काव्य देतो, चूक न करता परतलेल्याला बक्षीस. दुःखाची ही आवड माणसाला शोभते, मात्र पुढच्या मोहिमेचा नकाशा तिच्यावरून काढू नये.

‘फ्राम’ने काय मिळवलं? ध्रुव नाही. ध्रुवसमुद्र उथळ असणार अशी तेव्हाची समजूत होती, नान्सेनचीही. खोली मोजायला आणलेली दोरी पुरेना, तेव्हा जहाजावरच्या पोलादी तारांचे पीळ उलगडून नवी दोरी वळली आणि समुद्र तीन हजार मीटरांहून खोल निघाला. दुसरी नोंद आणखी मोलाची. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरकत नव्हतं, वीस ते चाळीस अंश उजवीकडे कलून सरकत होतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे असं होत असावं असा नान्सेनचा कयास होता. एकमन या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने तो गणितात बसवला, आणि आज समुद्रशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तो शिकवला जातो. आपल्या पावसाळ्याशी त्याचा थेट संबंध आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी वारा बाहेर ढकलतो, खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं, आणि तारली-बांगड्यांना खायला मिळतं. जाळ्यात आलेल्या बांगड्यामागे ‘फ्राम’च्या डेकवरची एक तिरकी रेघ आहे.

पुढची दोन दशकं घाईने सांगतो, कारण ती नान्सेनच्या देशाला महत्त्वाची, आपल्या मुद्द्याला कमी. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळं झालं त्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. डेन्मार्कच्या राजपुत्राने नॉर्वेची गादी घ्यावी म्हणून त्याने मन वळवलं, मग लंडनमध्ये देशाचा पहिला वकील म्हणून बसला. मग महायुद्ध झालं.

१९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्याच्यावर युद्धकैदी घरी पोचवायचं काम सोपवलं. सव्वाचार लाखांहून अधिक माणसं पोचवली. १९२१ च्या रशियन दुष्काळात त्याने सरकारांपुढे पदर पसरला. बोल्शेविकांना मदत कशाला, म्हणून राष्ट्रसंघाने नकार दिला. मिळालं ते खाजगी देणग्यांतून; आणि खरं सांगायचं तर तिथली बहुतेक माणसं अमेरिकन धान्याने जगली. त्याच वर्षी रशियन निर्वासितांचं काम त्याच्याकडे आलं, आणि इथे दुसरं जहाज बांधलं गेलं.

क्रांतीनंतर देश सोडलेल्या लाखो रशियनांचं नागरिकत्व लेनिनच्या सरकारने काढून घेतलं. माणूस पॅरिसमध्ये आहे, हातपाय धड आहेत, पण कागदावर कुणाचाच नाही. कुठलं सरकार त्याला ठेवून घेत नाही, कुठलं सोडत नाही. कुणीही भाबडा सुधारक इथे म्हणाला असता की सरहद्दी वाईट आहेत, त्या उघडा. नान्सेन तसं म्हणाला नाही. सरहद्दी म्हणजे त्याला बर्फ होतं; आहे ते आहे. त्याने जुलै १९२२ मध्ये जिनिव्हात सरकारांना एका साध्या कागदावर राजी केलं. हा माणूस अमुक, एवढंच त्यावर लिहिलेलं. तो कुणाचा, हा प्रश्न कागदाने विचारलाच नाही. चिमट्यात सापडलेला माणूस वर निसटावा इतकी गोलाई त्या कागदाला होती. लोक त्याला ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणू लागले. पुढे नूतनीकरणासाठी पाच सुवर्ण फ्रँकचं तिकीट आलं, त्यावर नान्सेनचा चेहरा. आर्मेनियन आणि असिरियनही त्यात आले. अखेरीस ५२ सरकारांनी तो मानला, सुमारे साडेचार लाख लोकांना तो मिळाला. स्ट्राव्हिन्स्की, शगाल, राखमानिनोव्ह हे सगळे त्याच कागदावर हिंडले. नाबोकोवने मात्र त्याच्याबद्दल कडवट लिहिलं आहे, आणि त्याचं चूक नव्हतं. हा कागद हातात असणं म्हणजे प्रत्येक खिडकीवर संशयाने बघितलं जाणं. पण कागद नसलेल्याला खिडकीच नव्हती. १९२२ चं शांततेचं नोबेल नान्सेनला मिळालं.

आणि त्याच वर्षाच्या शरदात तिसरं जहाज.

सप्टेंबर १९२२ मध्ये, ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या अखेरीस, आनातोलियाच्या किनाऱ्यावरचं स्मर्ना शहर जळालं. आनातोलियातले ग्रीक ख्रिस्ती जीव घेऊन ग्रीसकडे पळाले. नान्सेन तिथे पोचला, थंडी तोंडावर होती, आणि त्याने पाहिलं की प्रवाह एकाच दिशेने वाहतो आहे. हे लोक आता परत जाणार नाहीत. मग त्याने जे सुचवलं ते प्रवाहावर शिक्कामोर्तब करणारं होतं. ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात जावेत, तुर्कस्तानातले ख्रिस्ती ग्रीसमध्ये. ३० जानेवारी १९२३ ला लोझानमध्ये करार झाला, तो सक्तीचा. सुमारे बारा लाख तुर्कस्तानातून, साडेतीन-चार लाख ग्रीसमधून. निकष धर्म, भाषा नव्हे. त्यामुळे ग्रीकच बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात उतरले, जिथली बोली त्यांना येत नव्हती. आणि तुर्कीच बोलणारे कप्पादोकियाचे ख्रिस्ती ग्रीसमध्ये. परवानगीवाचून परत येऊन राहायला बंदी.

नान्सेनच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. बहुतेक ग्रीक आधीच पळाले होते. कराराने निदान मालमत्तेचा हिशेब आला, पुढे वसाहतीसाठी कर्ज आलं, माणसं तगली. हे सगळं मान्य करूनही माझं मन तिथे अडतं. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर त्याने जे दोर कापले ते स्वतःचे आणि राजीखुशीने आलेल्या पाच जणांचे. लोझानमध्ये जे कापले गेले ते क्रीटमधल्या ऑलिव्हच्या बागेत बसलेल्या म्हाताऱ्याचे, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं. बर्फाला मन नसतं, म्हणून बर्फाच्या कलाने जाणं हे शहाणपण. माणसांच्या द्वेषाचा प्रवाह मात्र माणसं वाहवतात म्हणून वाहतो. त्याला निसर्गाचा नियम मानून त्याच्या हिशेबाने जहाज बांधलं की प्रवाहाला बळ येतं. शास्त्रज्ञ नान्सेनची नजर इथे कमी पडली असं मला वाटत नाही. ती नको तितकी पुरली.

हा दाखला आपल्या दारापर्यंत आला. लोकसंख्येच्या अदलाबदलीला जे हसतात त्यांनी तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचा इतिहास अभ्यासावा, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात लिहिलं. त्यांना अभिप्रेत होती ती आधी ठरवून, हिशेब ठेवून केलेली व्यवस्था. १९४७ मध्ये पंजाबात अदलाबदल झाली, व्यवस्था झाली नाही. बाबासाहेबांचा युक्तिवाद आजही वाचावा असा आहे, पण लोझान हे यशस्वी उदाहरण होतं की केवळ रक्तपातापेक्षा बरं उदाहरण होतं, हा प्रश्न त्यासोबत वाचावा.

दुसरा डाग लहान आहे, एका माणसाएवढा. योहान्सेन पुढे दारूच्या आहारी गेला. अमुंडसेनबरोबर दक्षिणेला गेला, तिथे त्याच्या चुकीवर बोट ठेवलं, म्हणून ध्रुवावर जाणाऱ्या तुकडीतून वगळला गेला. जानेवारी १९१३ मध्ये त्याने स्वतःला गोळी घातली. यात नान्सेनला दोषी धरणं अन्यायाचं होईल. तरी ते खोपटं, तो उलटा सदरा आणि ती अरे-तुरेची रात्र आठवली की मोठ्या माणसाच्या सावलीत चालणाऱ्याची किंमत कळते.

नान्सेन १३ मे १९३० ला गेला. मला विचाराल तर ध्रुवाकडे गेलेल्या सगळ्यांत तोच श्रेष्ठ, लोझानसकट. १९५१ चा निर्वासितांचा करार, संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीचं कार्यालय, सगळ्याचं मूळ त्या एका कागदात आहे.

आमच्याकडे दिवाळी संपली की रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाल्यांची रांग लागते. मागच्या हिवाळ्यात तिशीतल्या एका विक्रेतीला विचारलं, “ताई, तुम्ही कुठच्या?” ती म्हणाली, “गोठणगावच्या.” म्हणजे गोंदिया जिल्हा, अर्जुनी-मोरगाव तालुका, १९७२ पासून तिथे तिबेटी वसाहत आहे. “आणि मूळच्या?” ती जरा वैतागलीच. “गोठणगावच्याच हो, जन्म तिथला.” परदेशी जायचं तर तिला पासपोर्ट नाही, भारत सरकारचं पिवळ्या पुठ्ठ्याचं ओळखपत्र लागतं. नान्सेनच्या कागदासारखंच तेही माणूस कोण ते सांगतं, कुणाचा ते सांगत नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताने आजवर सही केलेली नाही.